पोपटाचा वाटा फोडणीआधी

पेरू, हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. मराठी घरात पोपटाच्या खाण्याची यादी वर्षानुवर्षे या तीन पदार्थांनी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. अलीकडे त्यात सूर्यफुलाच्या बिया, ग्लुकोज बिस्किट आणि दुधात किंवा चहात बुडवलेली पोळी यांची भर पडली आहे. यातला प्रत्येक पदार्थ प्रेमानेच दिलेला असतो. तरीही पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे येणाऱ्या पोपटांच्या अनेक दुखण्यांचे मूळ त्यांच्या वाटीतच सापडते. यकृतात साठलेली चरबी, अ जीवनसत्त्वाच्या अभावाने तोंडात उठलेले पांढरे चट्टे, कॅल्शियम कमी पडल्यामुळे मादीच्या पोटात अडकलेले अंडे ही त्यातली नेहमीची उदाहरणे.

पोपटवर्गातले पक्षी दीर्घायुषी असतात. लहानगा बजी नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो, कॉकटिएल पंधरा-वीस वर्षे आणि आफ्रिकन ग्रे चाळिशी सहज ओलांडू शकतो. त्याआधीच तो गेला तर ‘एवढेच आयुष्य होते’ असे म्हणून घरचे मनाची समजूत घालतात. मात्र पिंजऱ्यातल्या पक्ष्याला स्वतःचे अन्न निवडता येत नाही. समोर येईल ते खाणे किंवा उपाशी राहणे, एवढेच त्याच्या हाती असते. त्यामुळे वाटीत काय पडते याची सगळी जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. ही जबाबदारी महागडी नाही. रोजच्या भाजीच्या पिशवीत बरेचसे असतेच. पोपटाचा वाटा मीठ, तेल आणि फोडणी पडण्याआधी बाजूला काढला, तर निम्मे काम झाले.

आधी कायद्याचे

आहाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला पोपट हा वन्यजीव आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार भारतातले सगळेच देशी पोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ‘लहानपणापासून घरातलाच आहे’ ही सबब कायद्यापुढे चालत नाही. जखमी पोपट किंवा घरट्यातून पडलेले पिल्लू सापडल्यास ते वनविभागाच्या स्वाधीन करावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ ही मदतवाहिनी आहे.

घरात पाळता येतात ते परदेशी मूळ असलेले पक्षी. ज्यांना बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते ते बहुतेकदा ऑस्ट्रेलियातले बजी असतात. त्याखेरीज कॉकटिएल, खरे लव्हबर्ड, कन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव असे पक्षी दिसतात. यातले जे पक्षी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे २०२४च्या नियमांनी बंधनकारक आहे. पुढचा सगळा विचार अशा कायदेशीररीत्या पाळलेल्या पक्ष्यांचा आहे.

बियांच्या वाटीत काय नसते

पक्षी विकणारा दुकानदार पिंजऱ्यासोबत राळ्याची किंवा मिश्र बियांची पिशवी देतो आणि ‘हेच घाला’ असे सांगतो. बिया वाईट नाहीत, मात्र केवळ बियांवर पोसलेला पक्षी हळूहळू कुपोषित होत जातो. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीचा जवळजवळ अर्धा भाग चरबी असतो. तिच्यात अ जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते. कॅल्शियमच्या सुमारे आठपट फॉस्फरस असतो. शरीराला हवे असते ते याच्या उलट: फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त. हे प्रमाण दीर्घकाळ बिघडले की शरीर हाडांतले कॅल्शियम काढून वापरू लागते. अंडी घालणाऱ्या मादीला याचा फटका आधी बसतो. आफ्रिकन ग्रे जातीत तर रक्तातले कॅल्शियम खाली जाऊन झटके येण्याचा धोका विशेष असतो.

अ जीवनसत्त्वाची कमतरता अधिक फसवी असते. तोंड, नाक आणि श्वासनलिकेचे ओलसर अस्तर या जीवनसत्त्वावर टिकते. ते कमी पडले की अस्तर कोरडे, जाड होते आणि जंतूंना वाट मिळते. मग पक्षी शिंकतो, त्याचे डोळे पाणावतात, नाकपुड्या बुजतात. घरचे सर्दी समजून औषध शोधतात. मुळात हवे असते ते गाजर.

‘रानात तर पोपट बियाच खातात’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. रानातला पक्षी बियांबरोबर फळे, फुले, कळ्या, कोवळी पाने खातो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला बजी मुख्यतः गवताच्या बियांवर जगतो हे खरे आहे, म्हणूनच बजीच्या वाटीत राळे, वरी अशा बारीक धान्याला जागा असावी. पण तो बजी अन्नपाण्यासाठी मोठी अंतरे उडतो. दीड फुटाच्या पिंजऱ्यात उडणार किती? दुसरा आक्षेप असा की ‘आमच्याकडचा पोपट डाळ-मिरचीवर बारा वर्षे जगला’. जो पक्षी चाळीस वर्षे जगू शकतो, त्याच्या बाबतीत बारा वर्षे हा दाखला आहाराच्या बाजूने जात नाही.

तिघांत गुणी मिरचीच

पेरू, डाळ आणि मिरची या त्रिकुटात सर्वांत उपयोगी मिरची ठरते. माणसाच्या तोंडाला आग लावणारे कॅप्सेसिन हे द्रव्य पक्ष्यांना जवळजवळ जाणवतच नाही. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर उष्णता आणि तिखटपणा ओळखणारा एक ग्राहक असतो. कॅप्सेसिन त्याला चिकटले की मेंदूला ‘भाजले’ असा संदेश जातो. पक्ष्यांकडेही हा ग्राहक आहे, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. हे २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. याच ग्राहकाच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मिरचीच्या झाडाचाही यात फायदा आहे. अमेरिकेतल्या रानमिरच्यांवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तिखटपणामुळे उंदरांसारखे प्राणी त्या टाळतात आणि पक्षी मात्र खातात. पक्ष्यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडते आणि दूरवर रुजते.

पोपटाला मिरची तिखट लागत नाही हे घराघरांतले निरीक्षण त्यामुळे अगदी बरोबर होते. पिकलेल्या लाल मिरचीत आणि लाल ढोबळी मिरचीत हिरवीपेक्षा अधिक कॅरोटिन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. तेव्हा मिरची अवश्य द्यावी, शक्य तेव्हा लाल द्यावी आणि ताजी, धुतलेली द्यावी. वडापावबरोबरची तळून मीठ लावलेली मिरची मात्र पोपटासाठी नाही. लोणच्यातली किंवा दुकानातल्या तिखटाची पूडही नाही.

पांढऱ्या गराचा पेरू चविष्ट असला तरी त्यात कॅरोटिन फारसे नसते. हरभऱ्याची डाळ प्रथिने देते, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची उणीव भरून काढत नाही. दोन्ही पदार्थ थोडे चालतात, त्यांच्यावर पक्षी पोसता येत नाही.

भाजीच्या पिशवीतून

पशुवैद्य साधारणपणे असे सुचवतात, की मध्यम व मोठ्या पोपटांच्या आहाराचा मोठा हिस्सा चांगल्या प्रतीच्या पेलेट्सचा असावा, म्हणजे सगळे घटक मोजून एकत्र दाबलेल्या तयार गोळ्यांचा. उरलेल्यात भाज्यांना पहिला मान, मग शिजवलेले धान्य आणि कडधान्य, आणि शेवटी थोडे फळ व बिया. पेलेट्स महाग आहेत आणि लहान गावांत सहज मिळत नाहीत. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी तर ताज्या भाजीचे महत्त्व आणखी वाढते.

निवड करताना दोन रंग लक्षात ठेवावेत, नारिंगी आणि गडद हिरवा. गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, पिकलेली पपई हे नारिंगी गटातले. शेवग्याचा पाला, मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळ्याचा व नवलकोलाचा पाला, ब्रोकोली हे हिरव्या गटातले. यात शेवग्याचा पाला विशेष, कारण त्यात कॅल्शियम आणि कॅरोटिन दोन्ही भरपूर असतात आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत तो फुकट मिळतो. पालक, माठ आणि चुका मात्र अधूनमधूनच द्यावेत. त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि शरीराला ते मिळू देत नाही.

जोडीला काकडी, दोडका, वाफवलेली फरसबी, मक्याचे कोवळे कणीस चालते. धान्यात नाचणी उत्तम, कारण तृणधान्यांमध्ये तिच्याइतके कॅल्शियम क्वचितच कुठे असते. मऊ शिजवलेली नाचणी, ज्वारी किंवा बाजरी, बिनमिठाच्या भाकरीचा कोरडा तुकडा, हे सगळे पक्षी आवडीने खातात. आठवड्यातून एक-दोनदा पूर्ण उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा दिला तर प्रथिनांची सोय होते. मादी अंडी घालत असेल तर समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचे आतले कवच, पिंजऱ्यात अडकवून ठेवावे. ती गरजेप्रमाणे कुरतडते. मात्र कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि त्यासाठी थेट ऊन. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. सकाळचे कोवळे ऊन जाळीतून मिळावे आणि पिंजऱ्यात सावलीचा कोपराही असावा.

तयारी सोपी आहे. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशके साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली. सालीच्या आत मुरलेले कीटकनाशक मात्र त्यानेही निघत नाही. सोड्याच्या पाण्यानंतर पुन्हा स्वच्छ पाण्याने धुणे आवश्यक आहे. मग भाजी कोरडी करून चिरावी. बजीसाठी गाजर किसून, पाला बारीक कापून, आणि मोठ्या पोपटासाठी पायात धरता येतील असे तुकडे. कांदा-लसूण किंवा मांस-मासे चिरलेली पाटी आणि सुरी त्यासाठी वापरू नये. थोडक्यात, ही मीठ, दही, दाणे आणि फोडणी वगळलेली कोशिंबीर. दोन-तीन दिवसांची एकदम चिरून, कोरडी ठेवून फ्रिजमध्ये राहते. एका वेळेचे वाटे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास आणखी टिकते. देताना ती साध्या तापमानाला आणावी. शिजवलेले अन्न गरम देऊ नये, त्याने पक्ष्याची अन्नपिशवी आतून भाजू शकते.

सकाळी पक्ष्याला भूक असते, तेव्हा ताजे अन्न आधी द्यावे. दोन तासांनी उरलेले काढून टाकावे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात तासाभरातच. सकाळची वाटी संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात राहिली, तर त्या पौष्टिक अन्नावर जंतूच आधी ताव मारतात. ताजी भाजी खाणाऱ्या पक्ष्याची विष्ठा थोडी पातळ दिसते, कारण लघवीचा पाण्यासारखा भाग वाढतो. बीट खाल्ल्यावर ती लालसरही होते. त्याला जुलाब समजून भाजी बंद करण्याचे कारण नाही. विष्ठेचा घट्ट भागच पातळ झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

मोड आणि शेंगदाणे

मोड आलेली मटकी आणि मूग पोपटांना आवडतात आणि पोषकही असतात. पण मोड आणायला लागणारी ऊब आणि ओलावा जंतूंनाही तितकाच मानवतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तपासात धागा मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत पोहोचला. निरोगी माणसांवर ही वेळ येते, तिथे तीस-पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याची काय कथा? म्हणून कडधान्य दिवसातून दोन-तीनदा धुवावे, मोड अगदी लहान असतानाच वापरावेत, आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा जाणवला तर सगळे टाकून द्यावे. शंका असेल तर वाफवून द्यावे. राजमा मात्र कच्चा किंवा मोड आणूनही कधीच देऊ नये. त्यातले विषारी प्रथिन भिजवून पूर्ण उकळल्यावरच नष्ट होते.

शेंगदाण्याचा इतिहास तर थेट पक्ष्यांशी जोडलेला आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अनाकलनीय रोगाने मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी सापडली आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृतावर घाला घालणारे विष जगाला कळले. ही बुरशी उष्ण, दमट हवेत फोफावते. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा तिला हवा तसा असतो. पाखरांसाठी म्हणून विकत घेतलेल्या सुट्या, जुनाट शेंगा त्यामुळे धोक्याच्या. घरात खायला निवडलेले, भाजलेले, बिनमिठाचे दोन-चार दाणे मोठ्या पोपटाला कधीतरी देण्यास हरकत नाही. मात्र भाजल्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही, म्हणून खवट, सुरकुतलेला किंवा डाग पडलेला दाणा फेकूनच द्यावा. हाच नियम मक्याला आणि बियांच्या पिशवीला लागू आहे. पिशवी थोडी आणावी आणि हवाबंद डब्यात ठेवावी.

हे कधीच नाही

काही पदार्थांबाबत ‘थोडेसे चालते’ हा विचारच करू नये. अव्होकाडो आता शहरांतल्या घरांत रुळला आहे. त्यातले पर्सिन हे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करते आणि बजीसारखा लहान पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. चॉकलेट, चहा, कॉफी आणि मद्य हे पक्ष्यांसाठी विषच. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींना अपाय करतात. सफरचंद, नासपती यांच्या बिया आणि पीच, जर्दाळू, चेरी यांच्या आठळ्या चावल्या की सायनाइड तयार होते, त्यामुळे फळ द्यायचे तर बी काढूनच. सीताफळाच्याही बिया काढाव्यात. टोमॅटोची, बटाट्याची पाने-देठ आणि हिरवा पडलेला बटाटा टाळावा. चिवडा, फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

दूध-पोळी हा लाडाचा पदार्थही बंद व्हावा. पक्षी सस्तन नाहीत. दुधातली साखर पचवणारे विकर त्यांच्याकडे नसते. बिस्किटाचे गणित तर डोळे उघडणारे आहे. अर्धे बिस्किट म्हणजे अंदाजे अडीच ग्रॅम. ३५ ग्रॅमच्या बजीने ते खाणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत चार किलोंहून अधिक बिस्किटे खाणे. तोंडातला घास पोपटाला भरवण्याचीही काही घरांत हौस असते. माणसाच्या तोंडातले काही जंतू पक्ष्याला आजारी पाडू शकतात, म्हणून ती हौस आवरावी.

धोका उलट बाजूनेही आहे. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार माणसाला होऊ शकतो. १९२९-३०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून पाठवलेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. म्हणून पिंजऱ्यातल्या वाट्या घरच्या भांड्यांपासून वेगळ्या घासाव्यात, पिंजरा ओल्या फडक्याने पुसावा, तोंडाला मास्क बांधावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पक्ष्याच्या घरात लांबलेल्या तापाचा किंवा कोरड्या खोकल्याचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना ‘घरात पोपट आहे’ हे आवर्जून सांगावे.

स्वयंपाकघरातली हवा

पोपटाचे अन्न स्वयंपाकघरात तयार व्हावे, पण पोपट तिथे नसावा. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतले काय ते फार वेगाने रक्तात घेते. म्हणूनच ब्रिटनच्या कोळसा खाणींत कार्बन मोनॉक्साइडची सूचना मिळावी म्हणून कॅनरी नेत असत. ती प्रथा १९८६ पर्यंत चालली. घरातला आजचा मोठा धोका म्हणजे गॅसवर विसरलेले रिकामे नॉनस्टिक भांडे. त्याचा थर अति तापला की निघणारे वायू माणसाला जेमतेम जाणवतात आणि शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवा आणि स्टीलची कढई बरी. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि सुगंधी फवारेही त्याच्यापासून लांब ठेवावेत.

बदल हळूहळू, वजनावर नजर ठेवून

हे वाचून कोणी उद्याच बिया बंद करून वाटीभर शेवगा ठेवला, तर पक्षी उपाशी मरू शकेल. वर्षानुवर्षे बियाच पाहिलेल्या पोपटाला गाजर हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. लहान पक्षी एक-दोन दिवसही उपाशी राहू शकत नाही. बियांचे प्रमाण काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे. सुरुवातीला बारीक किसलेल्या भाजीवर थोडे राळे भुरभुरावे, पाल्याची ओली जुडी जाळीला लटकवावी, घरच्यांनी त्याच्यासमोर तेच गाजर खाऊन दाखवावे. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे, इतर जे खातात ते तोही चाखून बघतो. पहिले दहा-बारा दिवस तो भाजी नुसती फेकूनही देईल. एवढ्यावरून ‘त्याला आवडत नाही’ असा निकाल देऊ नये.

या काळात ग्रॅमचा काटा हाताशी हवा. रोज सकाळी एकाच वेळी वजन लिहून ठेवावे. ३५ ग्रॅमच्या बजीचे चार ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सात किलो उतरणे. पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही आणि पक्षी आपले आजारपण शेवटपर्यंत लपवतात. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटले किंवा पक्षी पिसे फुलवून मलूल बसला तर बदल थांबवून पशुवैद्याकडे जावे. आधीपासून आजारी असलेल्या पक्ष्याचा आहार डॉक्टरांना विचारूनच बदलावा. बाटलीतले जीवनसत्त्वाचे थेंब मनाने पाण्यात घालू नयेत. भाजीतल्या कॅरोटिनमधून शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते. थेंबांतून तयार मिळालेले अति अ जीवनसत्त्व मात्र अंगावर येते.

खाणे हेच त्याचे काम

पेलेट्स घातले की झाले, असे मानणाराही एक वर्ग आहे. पोषणाच्या हिशेबात त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, पण पोपट नुसता पोटाने जगत नाही. रानात त्याच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, सोलण्यात आणि फोडण्यात जातो. पिंजऱ्यात भरलेली वाटी समोर असते आणि पंधरा मिनिटांत जेवण संपते. उरलेल्या वेळात हुशार पक्षी स्वतःचीच पिसे उपटू लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ॲमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्न शोधायला लावणारी साधने आणि चढायला-कुरतडायला विविध वस्तू दिल्यावर पिसे उपटणे टळले आणि ज्यांनी सुरू केले होते त्यांचे कमी झाले. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. सोलायला मटाराची शेंग, कुरतडायला आख्खे कणीस, कोऱ्या कागदात गुंडाळलेला गाजराचा तुकडा एवढे पुरते. ताज्या भाजीचा हा फायदा कोणत्याही डब्यात बंद करता येत नाही.

या सगळ्याला रोजची वीस मिनिटे लागतात, आणि पक्षी घेताना नेमका तोच हिशेब कोणी सांगत नाही. विकणाऱ्याने पिंजऱ्याची आणि बियांची किंमत सांगावी, तसा एक पानी छापील आहारतक्ताही मराठीत द्यावा, काय द्यायचे आणि काय कधीच द्यायचे नाही हे त्यात असावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे २०१८चे नियम आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेने अशा तक्त्याचा आग्रह धरायला हरकत नसावी. पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी तो तयार करून दिला तर दुकानदारालाही सबब उरणार नाही.

आणि घेणाऱ्यानेही पिंजऱ्याआधी स्वतःच्या घराकडे पाहावे. रोज सकाळी भाजी निवडताना एक मूठ बाजूला काढणारे आणि दोन तासांनी उरलेली वाटी उचलणारे कोणी घरात असेल, सुट्टीत गावाला गेल्यावर हेच करणारे शेजारी असतील, तर पक्षी आणावा. ते जमणार नसेल तर न आणलेलाच बरा. पोपट पाहण्याची हौस भागवायला गावाबाहेरचे वडा-पिंपळाचे झाड आणि संध्याकाळी त्यावर उतरणारा थवा आहेच, आणि तिथले पोपट आपले जेवण आपण निवडून आलेले असतात.